नव्व्याण्णव सालचा गाळ

पर्यावरणावरचं प्रदर्शन म्हटलं की मी आधी प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा शोधते. तो असतोच. कधी देवमासा असतो, कधी कासव, पण बाटल्या त्याच. शेजारी वाळलेलं झाड आणि झाडाला टांगलेली सलाईन. पलीकडच्या भिंतीवर भेगाळलेल्या जमिनीचा फोटो. बावीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांत चित्रकला शिकवून माझी जीभ जरा तिखट झाली आहे, हे कबूल. आणि जिनं स्वतः अकरा वर्षांत ब्रश भिजवला नाही, तिनं दुसऱ्याच्या माशाला नावं ठेवू नयेत, हेही मला कळतं.

बाबा गेले त्या वर्षी माझं चित्र थांबलं. लोक म्हणाले, दुःख ओसरलं की सुचेल. दुःख ओसरलं, सुचलं मात्र नाही. तरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी भंडाऱ्याहून बसनं नागपूरला जायची, असेल ते प्रदर्शन बघायची, वहीत काहीबाही खरडायची आणि संत्री घेऊन परत यायची. बस आता आपली आपणच चालते, ड्रायव्हर नसतो. पण सगळ्या सीटा भरल्याशिवाय स्टँडवरून न हलण्याची जुनी खोड तिला कोणी शिकवली, कोण जाणे.

दोन हजार बेचाळीसच्या जानेवारीत अशाच एका प्रदर्शनात मी मासा पाहिला, सलाईन पाहिली आणि शेवटच्या दालनाशी आले. दाराला काळा पडदा होता. चपला बाहेर काढायला सांगत होते. आत भिंती कोऱ्या. मधोमध देव्हाऱ्याएवढी काचेची पेटी, आणि तिच्याभोवती दहा-बारा पाट मांडलेले. पाटीवर लिहिलं होतं: ‘तळाचा जागर. कुडेटोला तलाव, जिल्हा भंडारा. थर : १९९९.’

मी पाटी दोनदा वाचली. कुडेटोला माझं गाव. शंभर उंबऱ्यांचं, त्यातली साठ घरं आम्हा ढिवरांची, म्हणजे मासेमारांची. एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी सात वर्षांची होते.

पाटावर बसले. दिवे मंदावले. आधी नुसती ओल आली, माठाच्या बुडाशी असते तशी. मग तिच्या मागून काहीतरी हिरवं आलं, थोडं गोड, थोडं कच्च्या दुधासारखं. हा वास मला ठाऊक होता, आणि कशाचा ते सांगता येत नव्हतं. माझे डोळे आपोआप मिटले. पुढे पाणी होतं. पाण्यावर आमचा डोंगा होता, आणि डोंग्यात माझ्याकडे पाठ करून बाबा उभे होते. उघडी काळी पाठ, खांद्यावर जाळं. पाण्यावर हिरवा उजेड पडला होता. त्या हिरव्याला मी आजवर शिकवलेल्या कुठल्याच रंगाचं नाव नव्हतं. मी हाक मारणार, तेवढ्यात दिवे लागले.

गालावरून पाणी ओघळत होतं. शेजारच्या गृहस्थांनी रुमाल दिला. मी बसनं घरी आले, चपलाही न काढता माळ्यावरून रंगांची पेटी उतरवली, वाळून खडक झालेल्या नळ्या फेकल्या, दुसऱ्या दिवशी नव्या आणल्या, आणि दोन दिवस शाळा बुडवून चित्र काढलं. अकरा वर्षांनी.

*

त्या दालनाची कर्ती होती ऋजुता सहस्रबुद्धे. नाव सहीत मावत नाही म्हणून ती नुसती ‘ऋ’ अशी सही करते. पुण्याची, पस्तिशीची, निम्मी शास्त्रज्ञ आणि निम्मी कलावंत. दोन्हीकडचे लोक तिला आपली मानत नाहीत, असं ती हसत सांगते. मी चित्र तिला दाखवायला नेलं. तिनं ते भिंतीला टेकवलं आणि किती तरी वेळ त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसून राहिली.

“हे तुम्हाला नक्की कुठे दिसलं, नलिनीताई?”

“तुमच्या पेटीत.”

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. तलावाच्या तळाशी दर वर्षी दोन पदर बसतात. पावसाळ्यात पूर येतो त्याचा फिका, आणि उन्हाळ्यात पानं कुजतात त्याचा काळा. दोन मिळून एक वर्ष. तळात नळी खुपसून ती अलगद वर काढली की झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखी वर्षं मोजता येतात. त्या गाळातले सूक्ष्म जीव अन्न संपलं की स्वतःभोवती कवच करून निजतात. बिया तर निजतातच. हे सगळं जुनंच ज्ञान होतं. अडचण अशी की इतक्या वर्षांच्या झोपेत त्यांच्या पेशींतले धागे जागोजाग तुटलेले असतात. पाणी मिळालं की ते जागे होतात, तुटक्या धाग्यांनिशी कामाला लागतात आणि मरतात.

“शेवाळात एक आठ पायांचा जीव राहतो, डोळ्यांना न दिसणारा,” ऋजुता म्हणाली. “वर्षानुवर्षं वाळून पडतो, आणि थेंब मिळाला की उठून चालायला लागतो. तो स्वतःचे धागे कसा सांधतो, ते सात वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेला सापडलं. त्याच्यापासून आम्ही एक रस केला. तो गाळात मुरवायचा. आधी शिवण, मग जाग.”

“म्हणजे तो वास तुम्ही बनवलेला नाही?”

“बनवून पाहिला होता. दोनशे घटक ओळखले, कुपीत मिसळले. अगरबत्तीच्या दुकानासारखा वास आला.” ती हसली. “ताई, तिथे तुम्ही हुंगलंत तो त्याच जिवांचा श्वास होता. नव्व्याण्णव सालच्या.”

जागे झालेले जीव पेटीतल्या उबेत चार तास जगतात. मग पेटी तापवून सगळं नष्ट करायचं, असा नियम आहे. जुने जंतू मोकाट सोडता येत नाहीत. एका खेळाला गाळाचा एक तुकडा लागतो. नळीतून निघालेली एका वर्षाची चकती पुरणपोळीएवढी असते, तिचे सहा तुकडे होतात. पहिला प्रयोगशाळेत गेला, दुसरा मी हुंगला.

“मग पुन्हा नळी घाला की.”

“कुठे घालणार? आम्ही नळी काढली आणि पुढच्याच वर्षी तलाव खोल करायला यंत्रं आली. वरचा सगळा गाळ उपसून नेला. त्याच्या विटा झाल्या, ताई.”

म्हणजे जगात नव्व्याण्णव सालचे चार तुकडे उरले होते. आणि ऋजुतानं, माझं चित्र पाहून, ते चारही माझ्या नावावर राखून ठेवले. खेळ लोकांसाठीच व्हायचे, पण कधी लावायचा ते मी ठरवायचं, आणि समोरचा पाट माझा. चित्रं हीच या प्रयोगाची खरी नोंद आहे, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारीत दुसरं चित्र झालं. त्यात बाबांचं डोकं किंचित डावीकडे कललं होतं. ते मी कलवलं नव्हतं, पेटीपुढे दिसलंच तसं. ऋजुतानं फोटो मुंबईच्या एका मोठ्या गॅलरीला पाठवले. तिथल्या बाईंचा फोन आला, “पाच चित्रं द्या. ऑगस्टमध्ये पूर्ण दालन तुमचं.” पन्नाशीला टेकलेल्या ड्रॉइंग टीचरला असा फोन येतो तेव्हा तिला रात्रभर झोप येत नाही, दुसरं काय.

मी हिशेब केला. पाच चित्रं हवी, दोन झालेली, तुकडे उरले तीन. बरोबर बसत होतं. आणि प्रत्येक खेपेला बाबा थोडे थोडे वळत होते. पाचव्याला ते माझ्याकडे बघतील, हे मला आतून कळत होतं.

*

चौथ्या तुकड्याच्या वेळी मी आईला घेऊन गेले. खरं सांगायचं तर मिरवायला.

आईचं नाव सरूबाई वलथरे. वय अठ्ठ्याहत्तर. गावच्या बायकांच्या मच्छीमार संस्थेची ती वीस वर्षं अध्यक्ष होती, आणि पद सुटलं तरी हुकूम सुटलेला नाही. अजून रोज कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरम उपटते. बेशरम म्हणजे काठाकाठानं माजलेलं ते जांभळ्या फुलांचं झुडूप. उपटून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं, म्हणून हे नाव. आईच्या मते ते नाव फारच सौम्य आहे.

ती पाटावर बसली. वास आला. मी डोळे मिटले. बाबांच्या खांद्याची रेघ वळली होती, कान दिसत होता. दिवे लागल्यावर पाहिलं तर आई टक्क डोळे उघडे ठेवून पेटीकडे बघत होती.

“बाबा दिसले?” मी विचारलं.

“तुझा बाप? त्याच्या अंगाले तं मासोळीचा वास ये. हा त्याचा वास नाही.” ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पेटीशेजारचा तक्ता एकेक अक्षर लावत वाचू लागली. गाळात काय काय सापडलं त्याची ती यादी होती. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. ‘भातवर्गीय गवत : शेतातून वाहून आलेली भेसळ.’

“हे कोनं लिवलं?”

ऋजुता पुढे आली. “यंत्रानं ओळखलं, आजी. भाताचे अंश सापडले. तुमच्या तलावाभोवती धानाची शेती आहे ना, पुरात तिथून वाहून आले असणार.”

“हा नांगराचा धान नाही,” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हंजे नाही. पन्नास वर्सं पंचमी करतो मी. बैलाचं न् बिनबैलाचं मले वासानं समजते. हे देवधान हाय, बाई. याले भेसळ म्हनू नको.”

आमच्याकडे बायकाही ‘करतो, जातो’च म्हणतात. ऋजुताला एरवी ते ऐकून गंमत वाटली असती, पण आत्ता ती हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिला ऋषिपंचमीचं सांगितलं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही. आमच्याकडे तलावाच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, आपसूक उगवणारं रानटी भात होतं, तेच देवधान. बायका आदल्या वर्षी गोळा करून ठेवायच्या आणि पंचमीला त्याचा भात शिजवायच्या. बेशरम आली आणि देवधान गेलं. मी दुसरी-तिसरीत असताना शेवटचं पाहिलं असेल. तेव्हापासून आई बाजारातून ‘उपवासाचा तांदूळ’ असं छापलेली पिशवी आणते आणि दर वर्षी पहिला घास घेतल्यावर म्हणते, “याच्यात बैल हाय.”

इतकी वर्षं मी ते ऐकून हसत आले होते. त्या हिरव्या गोड वासाला नाव मिळालं, तेव्हा मला लाजच वाटली. रंगाचं नाव शोधत बसले, आणि धान्य ओळखता आलं नाही.

“आता याचं काय करता?” आईनं पेटीकडे हनुवटी केली.

“चार तास झाले की पेटी तापवतो, आजी. नियमच आहे तसा.”

“जागर म्हनून लिवलं ना तुमी भाईर? जागर घालता, उठवता, न् मंग उपाशी मारता?”

ऋजुताचा चेहरा लाल झाला. आईनंच पुढे विचारलं, “या सालचा गाळ अजून हाय का?”

“दोन तुकडे आहेत.”

“मले दे. पेरतो.”

ऋजुता विचारात पडली. मग सावकाश म्हणाली, “जंतू सोडता येणार नाहीत. पण दाणे वेगळे काढता येतील. गाळ चाळून, धुऊन, फक्त दाण्यांना रस द्यायचा. स्वच्छ पाण्यात उगवले तर परवानगी मिळेल. फक्त चाळलेला गाळ पुन्हा पेटीत लावता येत नाही. वास किंवा दाणे, एकच काहीतरी.” ती थांबली. “आणि ते दोन्ही तुकडे नलिनीताईंच्या नावावर आहेत.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

“बघू या ना, आई,” मी म्हणाले. “जरा वेळ दे.”

आईनं मान हलवली. ‘बघू या’चा अर्थ तिनं ‘हो’ असा घेतला. आयुष्यभर माझ्याबाबतीत तिनं तो तसाच घेतला होता.

दोन दिवसांनी ऋजुताचा फोन आला. तिनं अंश पुन्हा तपासले होते. आई बरोबर होती, ते रानटीच भात होतं. तिनं तक्त्यावरची ओळ खोडून हातानं ‘देवधान’ लिहिलं आणि खाली कंसात आईचं नाव घातलं.

*

पंधरा दिवसांनी मी पाचवा तुकडा लावला.

आईला सांगितलं नाही. ऋजुतानं फोनवर एकदाच विचारलं, “नक्की ना, ताई?” मी म्हणाले, पेरायला एक तुकडा पुष्कळ आहे, दाणे काय थोडे असतात का. कारणं सुचायला मला कधीच अकरा वर्षं लागली नाहीत.

त्या दिवशी बाबांचा अर्धा चेहरा दिसला. गाल, कानाशी पांढरा झालेला केस, डोळ्याचा कोपरा. डोळ्याच्या त्या कोपऱ्यात हसू होतं की ऊन लागत होतं, ते कळलं नाही. दिवे लागले तेव्हा मी पाटावरून उठेना. “अजून पाच मिनिटं,” असं मी त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याला लहान मुलीसारखं म्हणत होते. घरी येऊन काढलेलं चित्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे. तसं मी आजही म्हणते. ते पाहून मुंबईच्या बाई फोनवर नुसत्या “अगं बाई” म्हणाल्या.

आता एक उरला होता, आणि मला एकच हवा होता.

मार्चमध्ये मी गावी गेले. आईला काय सांगायचं ते बसमध्ये घोकत होते. ऋजुताच्या यंत्रात बिघाड झाला, दाणे मेलेलेच निघाले, असलं काहीतरी. घराला कुलूप होतं. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेले. सकाळचे आठ वाजले असतील. पाण्यात सहा म्हाताऱ्या रांगेनं उभ्या होत्या, साड्या खोचून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, आणि बेशरमीची मुळं तळातून उकरत होत्या. त्यांतली एक माझी आई. काठाला अंगणाएवढा एक तुकडा त्यांनी स्वच्छ करून काड्या रोवून आखला होता.

मला पाहून आई पाण्यातूनच ओरडली, “नलू, पाह्य, दोन्ही तुकड्याचा धान मावन ना एवढ्यात?”

ती वर आली, पाळीवर बसून पायांच्या जळवा काढू लागली. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं. एक तुकडा मी वापरला, तुला न सांगता. दुसराही वापरणार होते. तुझ्याशी खोटं बोलायला आले होते.

आई जळू काढत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं, पन्नासाव्या वर्षी, सहा म्हाताऱ्यांदेखत.

“भूक लागली होती ना तुले?” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“मंग खाल्लं. आता हात धू, न् बाकीचं वाढ.”

“पण बाबा, आई. दर वेळी थोडे वळतात. आता एकदाच, फक्त एकदा लावला तर ते माझ्याकडे बघतील.”

आईनं जळू दगडावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. “जिता होता तवा तरी वळून पाहे का तो? जाळं टाकलं का दुनिया गेली. मी इथं पाळीवर बोंबलत राहो का भाकर आनली, भाकर आनली. तो कधी वळला नाही.” तिनं दुसरी जळू ओढून काढली. “तुले जो वळून दिसते, नलू, तो तुहाच हाय. गाळातला नाही. त्याच्यापायी देवधान कायले मारतेस?”

खरंच होतं ते. माझ्या आठवणीतल्या बाबांचा चेहरा घरातला होता, अंगणातला होता, शाळेच्या दारातला होता. डोंग्यातल्या बाबांची मी नेहमी पाठच पाहिली होती. चेहरा त्या पाठीवर माझा मीच चढवत होते.

तिथूनच ऋजुताला फोन लावला. “शेवटचा तुकडा चाळणीत घाल,” म्हटलं. ती म्हणाली, “ताई, पाचवं चित्र?”

“नाही होणार.”

मी मुंबईलाही कळवलं. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की चार चित्रांनी दालन भरत नाही, पुढे कधीतरी नक्की बघू. पुढे कधीतरी म्हणजे काय, ते मला समजतं. फोन ठेवला. मनापासून वाईट वाटत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

*

शेवटच्या तुकड्यात एकोणीस दाणे निघाले. रसात अकरा सांधले गेले. सात उगवले, त्यातला एक कुजला. ऋजुता मला रोज त्यांचे फोटो पाठवायची, लोक आपल्या बाळाचे पाठवतात तसे. नखाएवढं पान फुटलं तरी फोटो. परवानगीच्या कागदांवर तिच्या सहीचा ‘ऋ’ चाळीसेक ठिकाणी उमटला असेल.

आषाढात ती सहा रोपं घेऊन स्वतः आली. पाण्यात उतरताना तिचा एक पुणेरी बूट तळानं गिळला, तो अजून तिथेच आहे. आईनं एकेक रोप लावलं. नांगर नाही, कुदळ नाही, नुसत्या बोटांनी. बाकीच्या म्हाताऱ्या काठावर उभ्या राहून सूचना देत होत्या, आणि आई त्यातली एकही ऐकत नव्हती.

मी चित्र काढलं नाही. एप्रिल गेला, जून गेला, ऑगस्ट गेला. रंगांची पेटी पुन्हा माळ्यावर टाकली नाही, इतकंच. ती टेबलावर असायची आणि मी तिच्या बाजूला वह्या तपासायची. कधी कधी आठवून पाहायची तो वास. आठवायचा नाही. वास असा हट्टानं आठवता येत नाही.

भाद्रपदात पंचमीच्या दिवशी गावी गेले. आईच्या घरात म्हाताऱ्या जमल्या होत्या. चुलीवर पालेभाजी शिजत होती, आणि कोपऱ्यात बाजारातल्या तांदळाची पिशवी न फोडलेली पडली होती.

“भात टाकायचा ना?” मी विचारलं.

“त्याच्यात बैल हाय,” आई म्हणाली. “चाल.”

आम्ही पाळीवर गेलो. दहाचा सुमार होता. ऊन पडलं होतं. सहा रोपांची सहा दाट बेटं झाली होती, माझ्या कमरेएवढी, आणि लोंब्यांवर बारीक पांढरा फुलोरा उमलला होता. दाणा धरायला अजून महिना होता. धरला तरी यंदाचा सगळा पाण्यातच पडू द्यायचा, हे बायकांनी ठरवून टाकलं होतं. आई गुडघाभर पाण्यात शिरली, एका बेटापाशी वाकली, पदरानं तोंड पुसलं आणि डोळे मिटले. मग हात जोडले.

“यंदा वासावरच उपास सोडतो,” ती म्हणाली.

बाकीच्या एकेक करून वाकल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढकललं, दुसरी हसली. मग आईनं मला हाक मारली.

मी पाण्यात उतरले आणि वाकले. वास आला. फार थोडा होता. पेटीतल्या वासाच्या पासंगालाही पुरला नसता. त्यात पलीकडच्या बेशरमीचा कडवट चीक मिसळला होता, म्हशींचा होता, बायकांच्या ओल्या साड्यांचा होता. बाबा दिसले नाहीत. मी डोळे घट्ट मिटले, छाती फुटेस्तोवर श्वास ओढला, रोखून धरला, आणि तो सुटायच्या आत पुन्हा ओढायला लागले. कानशिलं ठणकायला लागली.

“अवो, हळू घे ना,” आई हसायला लागली. “कायची घाई हाय? फुलोरा आठ-पंधरा दिवस राहाते. उद्या ये. परवा ये.”

उद्या ये, असं त्या वासाबद्दल मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं, आणि धरून ठेवलेला श्वास सोडून दिला.